सेहतदीदी आणि रोजची कळ

आमच्या घरात देवांना नव्हती इतकी नावं दुखण्यांना होती. पाठीत उसण भरायची, मानेत चमक निघायची, दाताला ठणका लागायचा, पोटरीत गोळा यायचा, अंग मोडून यायचं आणि फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या यायच्या. आईला नुसतं 'दुखतंय' सांगून भागत नसे. पोळी लाटता लाटता ती विचारायची, दुखतंय म्हणजे नक्की काय होतंय? नेमका शब्द सापडला की उपाय ठरलेला. ठणक्याला लवंग, गोळ्याला सरसोंचं तेल आणि उसण भरली तर पलीकडच्या गल्लीतल्या नानांची लाथ. नाना पायाळू होते, म्हणजे जन्मताना पायाकडून आले होते, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते यावर बनारसच्या रामघाटावरच्या तमाम मराठी मंडळींचा विश्वास होता. फक्त कळेला औषध नव्हतं. कळ येते आणि जाते, ती काढायची असते. "थोडी कळ काढ," आई म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा.

आम्ही गल्लीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खालच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, मुलांना वेद शिकवायचे. यजुर्वेद म्हणण्याची आमच्याकडची पद्धत अशी, की स्वर नुसता गळ्यातून येत नाही, उजवा हात त्याच्याबरोबर वर, खाली, आडवा फिरतो. सकाळी मी जिन्यावर दात घासत उभी राहायची तेव्हा खाली सगळ्या मुलांचे हात एकदम वर जायचे आणि एकदम खाली यायचे, आणि एखादा चुकार हात मागे राहिला की अण्णा त्याला हलकेच टपली मारायचे. वर चुलीवर, चूल कसली, गॅसच होता, पण आई त्याला चूलच म्हणायची, निमोना शिजत असायचा. निमोना म्हणजे मटार वाटून केलेली बनारसी आमटी. आई त्यात गोडा मसाला घालायची, त्यामुळे तो बनारसच्या लोकांना मराठी लागायचा आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना बनारसी. हिवाळ्यात चुडा-मटर व्हायचा. पाहुणे म्हणायचे, अहो हे तर पोहे. आई मान हलवायची. पोहे ते पोहे आणि चुडा तो चुडा, यावर ती आयुष्यभर ठाम राहिली.

आमची भाषाही त्याच पातेल्यातली. आम्ही 'सब्जी' चिरायचो, 'चाय' प्यायचो आणि भांडायचो मात्र मराठीत. आपल्या बोलण्यातलं अर्धं हिंदी आहे हे मला माहीत होतं, पण नेमकं कोणतं अर्धं ते माहीत नव्हतं. घराबाहेर पडताना चप्पल घालावी तसा मी 'ळ'चा 'ल' करायची आणि आता आपण हिंदी बोलतोय असं समजायची. बहुतेक वेळा ते खपूनही जायचं. या समजुतीपायी एकदा काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

मी कथक शिकत होते. वैदिकाची मुलगी नाचते म्हणून नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, पण अण्णांनी ती एका वाक्यात मिटवली. "हात आम्हीही हलवतो. तिचे पायही हलतात, एवढाच फरक." विद्यालय शिंदे घाटाच्या बाजूला, एका मोठ्या घराच्या माडीवर होतं. नाचाच्या खोलीत चुनारी दगडाची फरशी होती. उन्हाळ्यात ती सुखद थंड लागायची, आणि माघात तिच्यावर पाय आपटला की झिणझिण्या थेट दातांपर्यंत यायच्या. आमच्या बहनजी, म्हणजे नृत्य शिकवणाऱ्या बाई, मनाने लोण्यासारख्या आणि तत्कारात, म्हणजे पायांनी बोल वाजवण्यात, कर्दनकाळ होत्या. पाय नीट वाजला नाही तर त्या रागवायच्या नाहीत, नुसतं 'फिर से' म्हणायच्या, आणि ते 'फिर से' संपायचं नाव घ्यायचं नाही.

त्या वर्षी विद्यालयात एक नवीनच प्रकार सुरू झाला. मुलींच्या तब्येतीकडे बघायला दर शुक्रवारी एक दीदी येऊ लागली. तिचं नाव उर्मिला. ती रामनगरची, व्यायामोपचार शिकून नुकतीच बाहेर पडलेली. गंगेपलीकडून नावेतून यायची, खांद्याला मोठी झोळी, झोळीत पट्ट्या, गरम पाण्याची रबरी पिशवी, मीठ, अजवायनच्या, म्हणजे ओव्याच्या, पुड्या. आम्ही तिला सेहतदीदी म्हणायचो. तिने आल्या आल्या फर्मानं काढली. उपाशीपोटी नाचायचं नाही. आधी अंग गरम करायचं, मग घुंगरू बांधायचे. नाच झाल्यावर प्रत्येकीने मूठभर गूळ-चणे खायचे. कोपऱ्यात पडदा लावून तिने एक आडोसा केला होता. मोठ्या मुलींना महिन्याच्या तक्रारी सांगायच्या असतील तर तिथे जाऊन हळूच सांगता यायचं. घरी ज्या गोष्टीला 'बाजूला बसणं' म्हणत, ती गोष्ट एवढ्या सरळ आवाजात बोलता येते हे मला तिथेच कळलं. ती आम्हाला आवडायची. तिची एकच अडचण होती, ती प्रत्येक शब्द खरा मानायची.

पहिल्याच महिन्यात मी तिला जाऊन सांगितलं, "दीदी, मेरे पांव में चींटियां आती हैं।" घरी पायाला मुंग्या येतात, तर हिंदीत चींटियां येणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. दीदी गंभीर झाली. तिने खोली रिकामी करवली, दऱ्या, म्हणजे सतरंज्या, झटकल्या, भिंतींच्या कडेने हळदीची रेघ ओढली. आणि मुंग्या सापडल्याही. गूळ-चण्याच्या डब्याखाली त्यांची मोठी वसाहत निघाली. बहनजींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पुढच्या शुक्रवारी दीदीने विचारलं, अब तो नहीं आतीं? मी म्हटलं, आती हैं, अंदर से. हसण्याचा असा काही स्फोट झाला की खाली रस्त्यावरचा लस्सीवाला वर बघू लागला. तेव्हापासून माझं नाव चींटी पडलं. घरी येऊन सांगितलं तर दादा, माझा मोठा भाऊ, जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. मी रडले, आणि दीदीला आता तोंडाने काही सांगायचं नाही असं ठरवून टाकलं. आज मी ही गोष्ट चारचौघांत स्वतः रंगवून सांगते, पण तेव्हा चौदाव्या वर्षी अंगाला लागलेलं हसू फार दिवस धुऊन निघत नसे.

वसंतपंचमी जवळ आली. त्या दिवशी विद्यालयात सरस्वतीपूजा आणि संध्याकाळी कार्यक्रम असायचा. बहनजींनी त्या वर्षी मला एकटीला नाचायला उभं करायचं ठरवलं. मोठ्या मुली मागे बसणार आणि मी पुढे, असं आधी कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं. मी हवेत होते. सकाळी शाळेआधी, शाळेनंतर आणि घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही माझा तत्कार चालू असायचा. खालच्या मजल्यावर अण्णांचे विद्यार्थी वर बघून स्वर चुकायचे.

आणि उजव्या पायात कळ येऊ लागली. पाय टेकला की यायची, थांबलं की जायची. आईला सांगितलं, ती म्हणाली, थोडी कळ काढ, सवय होईल. दादाने आपलं तयार ठेवलेलं वाक्य काढलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." तो चेष्टेने म्हणाला, पण मला ते झोंबलं. पाय दुखतो म्हटलं की लोकांना वाटणार, जमत नाही म्हणून सबब सांगते. आणि बहनजींच्या कानावर गेलं तर माझ्या जागी दुसरी कुणी उभी राहणार. मी गप्प बसले.

पण सेहतदीदीच्या शुक्रवारच्या रांगेतून सुटका नव्हती. ती प्रत्येकीला विचारायची, कहीं दर्द? माझी पाळी आली. मी मनाशी हिशोब केला. दर्द म्हणजे दुखणं. दुखणं सारखं दुखतं. माझं दुखत नव्हतं, मला कळ येत होती. खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि मोठ्याने बोलायची तर त्याहून नव्हती. मी तिच्या कानाशी लागले आणि पुटपुटले, "दर्द नहीं है दीदी। बस, कल आती है।"

दीदीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने मला त्या पडद्याआड नेलं, अजवायनची पुडी दिली, गरम पाण्याची पिशवी कशी धरायची ते सांगितलं आणि माझा गाल थोपटला. "घबराना नहीं। सबको आती है।"

केवढा धीर आला मला. सबको आती है. म्हणजे नाचणाऱ्या सगळ्याच मुलींना येत असणार, मोठ्या मुली सांगत नाहीत एवढंच. अजवायन पायाला कशी लागू पडते हे कोडं होतं, पण मी ती खाल्ली. गरम पिशवी पोटाला धर असं ती म्हणाली होती, मी पायाला धरली. बरं वाटलं. दीदीही खूश आणि मीही खूश, दोघी एकमेकींशी दोन वेगळ्या गोष्टी बोलून.

पुढच्या शुक्रवारी तिने डोळ्यांनीच विचारलं, ठीक? मी म्हटलं, "अब तो रोज आती है।" ती दचकली. रोज? मी म्हटलं, रोज, और नाचो तो जास्ती आती है. तिने माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली, मी फिकट दिसते असं स्वतःशी म्हणाली आणि त्या दिवशी शेवटची नाव सोडून देऊन माझ्याबरोबर घरी आली.

आई चुडा-मटर परतत होती. सेहतदीदीला बघून तिने बशी भरली, वर लिंबू पिळलं. दीदीने अण्णांकडे पाहून खाकरल्यासारखं केलं. बायकांचं काहीतरी आहे हे ओळखून अण्णा खाली गेले, दादालाही नेलं. मी दाराआड. दीदीने आवाज खाली आणून विचारलं, माताजी, इसको रोज आती है, आपको मालूम है? आईला माहीत होतंच, कळेचं तिला मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, हां, आती है बेचारी को. कब से? महीनाभर हो गया. मग दीदीचा आवाज चढला. महिनाभर रोज येते आणि तुम्ही काहीच केलं नाहीत? आईला तिच्या घाबरण्याचं नवल वाटलं. तिने शांतपणे बशी पुढे सरकवली आणि समजूत घातली.

"इसमें करना क्या है, दीदी? काढनी पडती है। हमारी सास को तो सत्तर की उमर तक आती थी।"

दीदीच्या हातातला चमचा तसाच राहिला. "सत्तर की उमर तक?"

"हां। घुटने में।"

"घुटने में," दीदी हळूच म्हणाली. मग तिने विचारलं की ही कल म्हणजे काय, घरात तुम्ही कशाला म्हणता. आईने हिंदीत शोधून पाहिलं, सापडेना. मग तिने सांडशी खाली ठेवली, आपल्या पावलावर बोट टोचलं आणि दातांतून सस्स करून श्वास आत ओढला. दीदीने कपाळावर हात मारला आणि मला हाक मारली. मी आले तेव्हा ती हसत होती आणि हसता हसताच माझं पाऊल मांडीवर घेत होती.

"एक उंगली रखकर दिखाओ, कहां।"

मी पावलावर वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिने तिथेच अंगठा दाबला आणि मी 'आई गं' अशी ओरडले की खालचं वेदपठण थांबलं. दीदीचं हसू गेलं. संपूर्ण पाय दुखतो तो थकवा, तिने सांगितलं, आणि एका बोटाखाली दुखतं ते हाड. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेली. फोटो काढला. हाडावर केसाएवढी रेघ होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता थांबली तर पुन्हा नाचेल. असंच आपटत राहिली तर हाड तुटेल, मग माझ्याकडे नाचायला काही औषध नाही.

वसंतपंचमी आठवड्यावर आली होती. मी भोकाड पसरलं. एवढं एकदा नाचू द्या, मग वर्षभर बसते, असं मी आईला म्हणाले, अण्णांना म्हणाले, दीदीच्या हातापाया पडले. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिलाच रडू फुटलं. म्हणाली, मी कळ काढ, कळ काढ म्हणत राहिले आणि पोरीचा पाय घालवून बसले असते. त्या दिवसानंतर तिने मला 'कळ काढ' कधी म्हटलं नाही. दादाला म्हणायची.

सेहतदीदी आणि बहनजींची त्या आठवड्यात जुंपली. बहनजींचं म्हणणं, आम्हीही याच दगडावर शिकलो. दीदी म्हणाली, तुमच्याबरोबर शिकलेल्या आज किती जणी चालतात ते विचारून येते. बहनजींचाही एक पाय जिना चढताना आधी पुढे यायचा आणि दुसरा मागून ओढत, हे आम्ही सगळ्या रोज बघत होतो. शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, नाच दुसरी मुलगी करील, पण तिची पढंत तू करायची. पढंत म्हणजे नाचाचे बोल हाताने ताल देत तोंडाने म्हणणं. बसून करायचं काम. मला ती शिक्षाच वाटली. माझे बोल, माझा तुकडा, आणि पाय दुसरीचे.

मी घरी तोंड फुगवून बोल म्हणायला बसले. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. अण्णा खालून वर आले. त्यांनी कधी नाचात लक्ष घातलं नव्हतं, पण उच्चार चुकलेला त्यांना झोपेतही सहन होत नसे. म्हणाले, "शालू, 'तत' नव्हे, 'तत्'. शेवटच्या त-चा पाय मोडलेला असतो. त्याला अख्खा म्हणू नकोस."

मी रागाने म्हटलं, माझाही मोडलाय.

"मग काय झालं? पाय मोडलेला त सुद्धा आपल्या मात्रेवर उभा राहतोच की. त्याच्याशिवाय तुमचा बोल पुरा होतो का, म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं. होत नव्हता. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो, त्यांचा हात त्यांच्या सवयीने वर-खाली जात होता आणि माझा हात ताल देत होता. आईने मध्ये बसून मटार सोलले. वसंतपंचमीला अण्णा पिवळं उपरणं घालून पहिल्यांदा विद्यालयात आले आणि पुढच्या दरीवर बसले. मी तबल्याशेजारी, पाय पट्टीत. माझ्या जागी नाचणारी मुलगी छान नाचली, मला मनापासून हेवा वाटला. पण माझ्या तोंडून 'तत्' निघाला की तिचा पाय पडायचा, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. शेवटच्या समेवर अण्णांचा उजवा हात आपोआप उठलेला मला दिसला. त्या क्षणी मला पायाचा विसर पडला होता.

उन्हाळ्यात पाय भरून आला आणि मी पुन्हा नाचू लागले. तोवर दीदीने हट्टाने दगडावर लाकडी तख्त टाकवून घेतले होते. रामनगरच्या सुताराने केलेले, नावेवर घालून आणलेले. तिने आपला प्रश्नही बदलला. 'कहीं दर्द?' बंद झालं. त्याऐवजी ती पायाला हात लावून विचारायची, घर में इसको क्या कहते हो? बंगाली मुली एक सांगायच्या, भोजपुरी मुली दुसरं, आणि सगळ्यांनी आमचा शब्द उचलला तो उचललाच. वर्षभरात त्या माडीवर मिश्र, यादव, चटर्जी, कुणाच्याही पोरीला 'कल' येऊ लागली.

मी पुढे बरीच वर्षं नाचले, शिकवलं, आता गुडघे कुरकुरतात म्हणून बसून पढंतच शिकवते. आई-अण्णा गेले. दीदी रामनगरलाच असते, आता चांगलीच म्हातारी झाली आहे. परवा पुलावरून तिच्याकडे गेले, चुडा-मटरचा डबा घेऊन. ती पलंगावर पाय पसरून बसली होती. कशा आहात विचारलं तर म्हणाली, "कल आती है।"

मी म्हटलं, कोण येणार आहे उद्या?

"उद्या वाली नहीं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला एवढं मराठी आलं होतं, ळ मात्र आला नाही. "तुम्हारी आई वाली। घुटने में।"

मी तिचा पाय मांडीवर घेतला. एक उंगली रखकर दिखाइए, म्हटलं. तिने मुकाट्याने बोट ठेवलं. दाबलं तशी दातांतून सस्स केलं, अगदी आईसारखं. आणि माझ्या तोंडून, कुठून कोण जाणे, निघून गेलं, "थोडी कळ काढा, दीदी."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यही तो तुम्हारी आई कहती थीं। और गलत कहती थीं।"

मी निमूट उठले आणि तिला डॉक्टरकडे न्यायला खाली जाऊन रिक्षा थांबवली.